अपवादाने नियम सिद्ध होतो काय?

वादविवाद स्पर्धेत एखाद्या वक्त्याची कोंडी झाली की त्याच्या मदतीला हमखास धावून येणारे एक वाक्य आहे : "अपवादाने नियमच सिद्ध होतो!" वक्ता आवेशाने म्हणतो, "अमक्या गावची माणसे चिक्कू असतात." प्रतिपक्षातील कुणी उठून त्याच गावच्या एका दानशूर गृहस्थाचे उदाहरण देतो. वक्ता किंचित हसतो, हे वाक्य फेकतो, सभागृहात टाळ्या पडतात आणि ज्याने उदाहरण दिले तो बिचारा खाली बसतो. खरे कोण बोलत होता, हा प्रश्न टाळ्यांच्या कडकडाटात विरून जातो.

'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' या सुप्रसिद्ध इंग्रजी म्हणीचे हे सरळ भाषांतर आहे. आपल्याकडे ते इतके रुळले आहे की ते परके वाटत नाही. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात ते भेटते, लग्नाच्या पंगतीत भेटते, आणि स्टाफरूममध्येही भेटत नसेल असे नाही. पण क्षणभर थांबून विचार केला तर हे वाक्य मोठे विचित्र आहे. शंभर कावळे काळे निघाले तर 'कावळे काळे असतात' या नियमाला बळकटी येते, हे समजू शकते. पण एकशेएकावा कावळा पांढरा निघाला तर त्यानेही त्याच नियमाला बळकटी यावी, हे कोणते तर्कशास्त्र? मग नियम खोटा ठरायचा तरी कशाने? काळा कावळाही नियमाच्या बाजूचा आणि पांढराही त्याच्याच बाजूचा! ज्या विधानाला कोणत्याही पुराव्याने धक्का लागत नाही ते विधान फार भक्कम असते असे नव्हे. ते केवळ पोकळ असते.

मग इंग्रजांसारख्या व्यवहारी लोकांनी असली वेडगळ म्हण का बरे जपली? तर ती मुळात वेडगळ नव्हतीच. तिचा जन्म कोर्टकचेरीत झाला आणि तिचा उत्तरार्ध वाटेत कुठेतरी गळून पडला.

ही हकीकत रोममधली आहे. इसवी सनापूर्वी ५६ साली तेथे एक खटला उभा राहिला. आरोपीचे नाव लूसियस कॉर्नेलियस बाल्बस. हा मूळचा रोमन नव्हे. स्पेनच्या दक्षिण टोकाला गादेस नावाचे बंदर होते, आज त्याला काडिझ म्हणतात, तिथला हा रहिवासी. स्पेनमधील युद्धात त्याने रोमच्या बाजूने कामगिरी बजावली आणि सेनापती पाँपीने इ.स.पू. ७२ च्या एका कायद्याच्या आधारे त्याला रोमचे नागरिकत्व बहाल केले. पुढे तो सीझरच्या खास विश्वासातला झाला, श्रीमंत झाला, आणि अर्थातच पुष्कळांच्या डोळ्यांत सलू लागला. पाँपी आणि सीझर यांच्यावर थेट हात टाकण्याची कुणाची छाती नव्हती. तेव्हा त्यांच्या माणसावर फिर्याद झाली. आरोप असा की, बाल्बसला मिळालेले नागरिकत्व बेकायदा आहे.

बचावाला वक्त्यांचा मुकुटमणी सिसेरो उभा राहिला. रोमने निरनिराळ्या जमातींशी व नगरांशी तह केले होते. त्यांपैकी काही तहांत, उदाहरणार्थ हेल्व्हेशी वगैरे जमातींशी झालेल्या तहांत, स्पष्ट कलम होते की या लोकांपैकी कुणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये. सिसेरोने याच कलमांचा आधार घेतला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : ज्या अर्थी काही तहांत मुद्दाम मनाई लिहावी लागली, त्या अर्थी जिथे मनाई लिहिलेली नाही तिथे मोकळीक आहे हे उघड आहे. सर्वत्रच बंदी असती तर ठरावीक तहांत ती वेगळी कशाला लिहिली असती? गादेसच्या तहात असे कलम नाही. म्हणून बाल्बसचे नागरिकत्व कायदेशीर आहे. बाल्बस निर्दोष सुटला.

याच युक्तिवादातून पुढे कायदेपंडितांनी लॅटिनमध्ये एक सूत्र बांधले : 'एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस.' म्हणजे, जी प्रकरणे अपवाद म्हणून वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता नियम आहे, हे त्या अपवादावरूनच सिद्ध होते. सतराव्या शतकात हे सूत्र इंग्रजी लेखनात वावरू लागले. आणि रोजच्या बोलण्यात येता येता 'जी प्रकरणे वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता' हे शेपूट तुटून गेले. उरले ते मुंडके. गंमत अशी की सूत्राचा सगळा जीव त्या शेपटातच होता!

हा मूळ अर्थ ध्यानात घेतला की म्हण किती साधी आणि शहाणी आहे ते दिसते. दुकानावर पाटी असते, 'सोमवारी बंद'. उरलेले सहा दिवस दुकान उघडे असते, असे त्या पाटीवर कुठेही लिहिलेले नाही. तरी आपण मंगळवारी पिशवी घेऊन निःशंक जातो, कारण सोमवारच्या अपवादाने बाकीच्या दिवसांचा नियम सिद्ध केलेला असतो. फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या म्हणीचे निरनिराळे अर्थ सोडवून दाखविले आहेत. त्याचे उदाहरण लष्करी छावणीचे आहे. सैनिकांना आज रात्री अकरा वाजेपर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी आहे, अशी सूचना निघाली तर एरवी त्यांना त्याआधीच परतावे लागते, हे सांगायला निराळ्या साक्षीदाराची गरज नाही.

आपल्या मराठी शुद्धलेखनाचेच पाहा ना! शब्दाच्या अखेरचा इकार व उकार दीर्घ लिहावा, हा नियम. म्हणून कवी, गुरू, पाटी, जादू. त्यापुढे लगेच सांगितलेले असते, की 'आणि' व 'नि' हे अपवाद. नियम करणाऱ्यानेच दोन शब्दांची नावे घेऊन त्यांना बाजूला काढले. म्हणजे 'पाटी' या शब्दाने आपल्यालाही सवलत मिळावी म्हणून अर्ज करायचा नाही. अपवाद नोंदविल्याने नियमाची हद्द पक्की झाली, ती अशी.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना यात नवे काही वाटणार नाही. 'अपवाद' हा शब्दच मुळी आपल्याकडे शास्त्रातून आला आहे. सामान्य नियम तो 'उत्सर्ग' आणि विशेष नियम तो 'अपवाद'. सिसेरोच्या सुमारे शंभर वर्षे आधी पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच या जोडीचे प्रयोजन सांगितले आहे. तिथे तो एक मजेदार आख्यायिका देतो. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि हजार दिव्य वर्षांचा काळ. गुरूने एकेक शब्द सुटा सुटा सांगायला घेतला तरी शब्दांचा अंत लागला नाही! मग आपल्यासारख्या अल्पायुषी माणसांची काय कथा? म्हणून व्याकरणाने शब्दांच्या याद्या करू नयेत. एक सामान्य नियम सांगावा आणि त्याच्या पोटात अपवाद सांगावा. कुंभ करणारा तो 'कुंभकार', हे सामान्य नियमाने झाले. त्याच चालीवर जल देणारा 'जलदाय' व्हायचा. पण आकारान्त धातूंसाठी पाणिनीने वेगळा प्रत्यय सांगितला, म्हणून तो झाला 'जलद'. अपवाद आपल्या हद्दीत नियमाला येऊ देत नाही आणि नियम अपवादाची हद्द सोडून बाकी सर्वत्र चालतो. रोमचा वकील आणि आपला वैयाकरण एकमेकांना न भेटता एकाच ठिकाणी पोहोचले, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आता एक निराळे मत. काही जण म्हणतात की या म्हणीतील 'प्रूव्ह' या क्रियापदाचा अर्थ 'सिद्ध करणे' असा नसून 'पारखणे, कसाला लावणे' असा आहे. लॅटिन 'प्रोबारे' या धातूला तोही अर्थ होताच. छापखान्यातून येणारे 'प्रूफ' आपण तपासतो, तेव्हा त्यात काही सिद्ध झालेले नसते; ती चाचणीची प्रत असते. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने आपल्या 'द डेव्हिल्स डिक्शनरी' या विनोदी कोशात हाच अर्थ खरा म्हणून ठासून सांगितला. इतिहासाच्या दृष्टीने हा अर्थ मूळचा धरता येत नाही; कारण याच लॅटिन सूत्राच्या दुसऱ्या पाठात 'दृढ करतो' असे निःसंदिग्ध क्रियापद आहे. पण विचार म्हणून तो मोलाचा आहे. अपवाद नियमाची परीक्षा घेतो आणि परीक्षेचा निकाल आधी ठरलेला नसतो, हे सांगायला विज्ञानातील दोन उदाहरणे पुरेत.

युरेनस हा ग्रह न्यूटनच्या नियमांनी काढलेल्या मार्गावरून थोडा ढळतो, असे एकोणिसाव्या शतकात ज्योतिर्विदांच्या लक्षात आले. हा अपवादच होता. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असे म्हणून ते स्वस्थ झोपले असते तर? पण फ्रान्समध्ये लव्हेरिए याने गणित मांडले, की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असला पाहिजे. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. नियम परीक्षेत उतरला. पुढे १८५९ साली त्याच लव्हेरिएने बुधाच्या भ्रमणातील असाच एक फरक दाखविला. हा फरक शतकाला सुमारे ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. किती क्षुल्लक! याही वेळी एक नवा ग्रह कल्पिला गेला; पण तो काही केल्या सापडला नाही. अखेर १९१५ साली आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्तच नव्याने मांडला तेव्हा ते ४३ विकला हिशेबात बसले. या वेळी नियम बदलावा लागला. दोन्ही वेळा ज्ञान वाढले, आणि ते वाढले कारण कुणीतरी अपवादाकडे पाठ फिरवली नाही.

तेव्हा म्हणीचे दोन प्रामाणिक अर्थ झाले. नियम करणाऱ्याने स्वतः नोंदविलेला अपवाद नियमाची हद्द सिद्ध करतो, हा एक. आणि कुणी न नोंदविलेला, अनपेक्षितपणे पुढे आलेला अपवाद नियमाला कसाला लावतो, हा दुसरा. आपण व्यवहारात वापरतो तो तिसरा अर्थ मात्र निव्वळ पळवाट आहे. या अर्थाने अपवाद ना हद्द दाखवितो ना परीक्षा घेतो. तो फक्त समोरच्याचे तोंड बंद करतो.

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? बोलण्याच्या ओघात माणूस एखादी म्हण वापरतो, तिला इतके धरून का बसायचे? कावळे आणि हंस यांच्यापुरती ही बाब असती तर मीही सोडून दिली असती. पण ही म्हण आपण सर्वांत अधिक वापरतो ती माणसांच्या बाबतीत.

एखाद्या वस्तीतला, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला मुलगा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. लोक पाठ थोपटतात आणि म्हणतात, "हा त्यांच्यातला वाटतच नाही. अपवाद आहे!" एखादी मुलगी गणितात सर्वांच्या पुढे जाते, तिलाही हेच प्रशस्तिपत्र. वरवर पाहता ही स्तुती आहे. पण तिच्या पोटात काय आहे ते पाहा. 'तुझ्या लोकांबद्दलचे आमचे मत कायम आहे. तुझ्या यशाने ते बदलणार नाही, उलट पक्केच होईल' हे त्या स्तुतीचे खरे शब्द. ज्याने आपल्या कष्टाने नियम खोटा पाडला, त्याच्याच हातून तो नियम खरा करून घ्यायचा, याहून मोठी क्रूर थट्टा कोणती? असे दहा जण पुढे आले तरी ते दहा अपवादच राहतात. अपवादांची बेरीज करण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

आणि गरज पडली की हेच लोक नेमकी उलटी उडी मारतात. मदतीचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा प्रश्न निघाला की म्हणतात, "अमका रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा झाला, मग बाकीच्यांना का जमू नये?" म्हणजे काल जो अपवाद म्हणून बाजूला सारला, आज तोच नियम म्हणून इतरांच्या डोक्यावर आदळायचा! खरे पाहता रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठा झालेला माणूस, दिव्यांचा खांब ही अभ्यासाची योग्य जागा आहे हे सिद्ध करीत नाही. त्या वस्तीत किती जणांच्या घरी दिवा नव्हता, हे तो सांगतो.

इथे म्हणीचा मूळ, कायद्याचा अर्थ पुन्हा उपयोगी पडतो. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर होण्याचा मान त्यांनी मिळविला. इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनी त्यांच्या वाट्याची होती. ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसे उभे केले तेव्हा त्या ऑक्सफर्डला जाऊ शकल्या. १८९२ साली विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसू दिले. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण पदवी? ती मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्याच देत नव्हते.

आता या अपवादाने कोणता नियम सिद्ध झाला? 'स्त्रियांना कायद्याची बुद्धी नसते' हा? मुळीच नाही. सिद्ध झाले ते एवढेच की, परीक्षेला बसायला स्त्रीला खास ठराव लागत होता. म्हणजे एरवी दार बंद होते. अपवादाने बुद्धीचा नियम सिद्ध केला नाही, बंदीचा नियम सिद्ध केला. माझ्या मते या म्हणीचा यापेक्षा अचूक वापर दुसरा नाही. जिथे जिथे एखादा माणूस आपल्या लोकांतला 'एकुलता एक' म्हणून मिरवला जातो, तिथे त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याच्या मागे कोणती दारे कुणी लावून घेतली होती, हेही विचारावे.

असो. बाल्बसचे पुढे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेलच. ज्याच्या नागरिकत्वावरच खटला भरला गेला होता तो हा परका मनुष्य इ.स.पू. ४० साली रोमचा कॉन्सल झाला. रोमच्या सर्वोच्च पदावर बसलेला तो पहिला परदेशी. तेव्हाही कित्येक कुलीन रोमनांनी 'अपवाद आहे' असे म्हणून मनाची समजूत घातली असेल. परंतु इतिहास तिथे थांबला नाही. इ.स. ४८ मध्ये गॉल प्रांतातील पुढाऱ्यांना सीनेटमध्ये घ्यावे की नाही यावर वाद झाला. तेव्हा सम्राट क्लॉडियसच्या तोंडी इतिहासकार टॅसिटसने जे भाषण घातले आहे त्यात बाल्बसच्या घराण्याचा दाखला येतो. स्पेनमधून आलेल्या त्या माणसांचा आपल्याला कधी पश्चात्ताप झाला काय, असा त्याचा आशय. इ.स. ९८ मध्ये ट्रेजन सम्राट झाला, तो स्पेनमध्ये जन्मलेला. आणि इ.स. २१२ मध्ये कॅराकॅलाच्या आज्ञेने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाले. गुलाम मात्र तेव्हाही बाहेरच राहिले, हे विसरून चालणार नाही.

ज्या माणसाच्या खटल्यातून ही म्हण निघाली, त्याच्याच चरित्राने तिच्या आजच्या चुकीच्या अर्थाला असे उत्तर देऊन ठेवले आहे. बाल्बस अपवाद होता. पण त्याने 'परके ते परकेच' हा नियम सिद्ध केला नाही. पुढच्या अडीचशेहून अधिक वर्षांत तो नियमच नाहीसा झाला, आणि तो नाहीसा करू पाहणाऱ्यांच्या हाती पहिला दाखला बाल्बसचा होता.

म्हणून माझे सांगणे फार मोठे नाही. ही म्हण वापरूच नये असे मी म्हणत नाही. तिचे तुटलेले शेपूट तिला परत जोडून वापरावी. यापुढे व्यासपीठावरून किंवा कट्ट्यावरून कुणी "अपवादाने नियम सिद्ध होतो" असे ठणकावले, तर आपण खाली बसू नये. शांतपणे तीन प्रश्न विचारावेत : नियम कोणता? तो कुणी केला? आणि हा अपवाद नियम करणाऱ्याने आधी सांगितला होता, की उदाहरण समोर आल्यावर आता तुम्हाला आठवला? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले आणि तिसऱ्याला 'आधी सांगितला होता' असे आले, तर म्हण बरोबर आहे, मान तुकवावी. नाहीतर समजावे की आपण दिलेल्या उदाहरणाने आपले काम केले आहे, आणि आता नियमाने आपली बाजू मांडायची आहे.